जुन्या कुऱ्हाडीचं पातं ओळखणं आणि त्याला नवा दांडा बसवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कुऱ्हाडींबद्दल मला दोनच प्रश्न सतत विचारले जातात. 'ही कुठली आहे?' आणि 'दांडा सारखा ढिला होतो, काय करू?' पहिल्याचं उत्तर लोक शिक्क्यात शोधतात, दुसऱ्याचं पाचरीत. नेढ्यात मात्र कुणी डोकावत नाही, आणि माझ्या अनुभवात दोन्ही उत्तरं बऱ्याचदा तिथेच सापडतात.

शब्दांचा घोळ नको म्हणून आधी नावं सांगून टाकतो. लोखंडाचा अख्खा भाग म्हणजे पातं. धारेचं वरचं टोक नाक, दांड्याकडचं टोक टाच. दोन्ही बाजूंचे रुंद भाग गाल, मागची बोथट बाजू तुंबा, आणि दांडा जातो ते भोक म्हणजे नेढं.

गंजलेलं पातं हाती आलं आहे. सुरुवात कुठून करू?

घासण्यापासून तर मुळीच नको. फडक्यानं माती पुसा आणि पातं उजेडात धरा.

पहिली नजर नेढ्यात. आतल्या दोन्ही टोकांशी, जिथे भिंत वळते तिथे, बारीक तडा आहे का ते बघा. नेढ्याची भिंत हा पात्याचा सगळ्यात पातळ आणि दुबळा भाग. कुणीतरी कुऱ्हाडीलाच पाचर समजून तिच्या तुंब्यावर घण घातलेले असतात, त्यात ही भिंत फुगते किंवा तडकते. गालावर पट्टी आडवी ठेवली की फुगवटा लगेच कळतो.

दुसरी परीक्षा कानाची. मोकळं पातं दोरीला टांगा आणि लाकडानं हलकेच टिचका मारा. चांगलं पातं घंटेसारखं वाजतं आणि आवाज रेंगाळतो. तडा असेल तर फुटक्या मडक्यासारखं बद्द वाजतं. ही परीक्षा शंभर टक्के खरी नाही, पण बद्द वाजलेल्या पात्यात तडा शोधायला पुन्हा एकदा बसावं हे नक्की.

तिसरी गोष्ट झीज. नाकाशी धार किती मागे गेली आहे? कडक केलेलं पोलाद साधारण धारेपासून तीन-चार सेंटिमीटरपर्यंतच असतं, मागचं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. तेवढं झिजून गेलं असेल तर कितीही पाजळा, धार टिकणार नाही.

नेढं तडकलेलं निघालं तर भिंतीवर लावा, फार सुंदर दिसतं. वेल्डिंग करून वापरात आणण्याच्या भानगडीत मी पडत नाही. डोक्यावरून फिरणारी वस्तू आहे ती.

शिक्का कुठे असतो? मला तर काहीच दिसत नाही.

बहुतेक वेळा गालावर, कधी तुंब्यावर, क्वचित नेढ्याच्या खालच्या बाजूला. विजेरी जवळजवळ गालाला टेकवून आडवा उजेड पाडा, अक्षरांच्या सावल्या उठतात. खडू घासून वरवर पुसला तरी खोलगट अक्षरं पांढरी उरतात. कोरे कागद आणि पेन्सिल हा तिसरा उपाय. कागद गालावर धरून पेन्सिल आडवी घासायची.

तरीही काही दिसलं नाही तर मन छोटं करू नका. अनेक कारखाने शिक्का मारतच नसत, नुसती कागदी चिठ्ठी चिकटवत, आणि चिठ्ठी पहिल्या पावसातच गेलेली असते.

शिक्का सापडला. त्यावरून काळ कसा ठरवायचा?

नाव मिळालं की त्या कारखान्याचा जन्म आणि मृत्यू शोधा. काळाची चौकट तिथूनच मिळते. काही नेहमी भेटणारी नावं सांगतो.

कॉलिन्स ही अमेरिकेतल्या कनेटिकटची कंपनी, १८२६ साली सुरू झाली आणि १९६६ साली तिचा तिथला कारखाना बंद पडला. तिची खूण म्हणजे मुकुट, त्यातून वर आलेला हातोडा धरलेला हात, आणि 'लेजिटिमस' हा शब्द. तिचा माल लॅटिन अमेरिकेत प्रचंड जायचा. मात्र कारखाना बंद झाल्यावरही कॉलिन्स हे नाव इतरांच्या मालावर येत राहिलं, म्हणून नुसतं नाव बघून खूश होऊ नका.

केली ही वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्सटनची. १९३० साली 'अमेरिकन फोर्क अँड हो' या कंपनीनं ती घेतली, आणि त्या कंपनीनं १९४९ मध्ये स्वतःचंच नाव बदलून 'ट्रू टेंपर' केलं, जे तिच्या मालावर आधीपासूनच असायचं. म्हणजे 'केली वर्क्स' आणि 'ट्रू टेंपर' एकाच पात्यावर दिसले तर ते पातं १९३० नंतरचं. प्लंब फिलाडेल्फियाची. पेनसिल्व्हेनियातल्या वॉरेन गावच्या कारखान्याच्या 'सेगर केमिकल' कुऱ्हाडींवर तर कित्येकदा सालच ठोकलेलं असतं. ओळखणाऱ्यावर एवढे उपकार फार कमी कारखान्यांनी केलेत.

स्वीडनची हुल्ट्स ब्रुक १६९७ पासूनची, ग्रॅन्सफोर्स १९०२ ची. हुल्ट्सचा माल 'एच' आणि 'बी' या जोडाक्षरी खुणेवरून ओळखतात. इंग्लंडमधली एलवेल वेन्सबरीची, गिलपिन कॅनॉकजवळची. इंग्रजी पात्यावर पक्ष्याच्या पावलासारखा तीन रेघांचा बाण असेल तर ते सरकारी किंवा लष्करी सामान, आणि शेजारी बऱ्याचदा साल असतं.

देशाचं नावही कामाला येतं. अमेरिकेच्या १८९० च्या आयात कायद्यानं परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. त्यामुळे इंग्रजी भाषेत 'स्वीडन' किंवा 'इंग्लंड' कोरलेलं पातं बहुधा त्यानंतरचं आणि निर्यातीसाठी घडवलेलं. 'पश्चिम जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. सोव्हिएत पात्यावर पंचकोनी दर्जाचिन्ह असेल तर १९६७ च्या आधीचं असूच शकत नाही.

माझ्या पात्यावर 'कास्ट स्टील' लिहिलंय. म्हणजे ओतीव लोखंड? ठिसूळ असेल का?

नाही, उलट ही बढाई आहे. शेफील्डच्या बेंजामिन हंट्समननं १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली. वितळल्यामुळे पोलाद सगळीकडे सारखं निघायचं, मग त्याची लगड ओतून ती ठोकून हत्यारं घडवायचे. लगड ओतलेली, म्हणून 'कास्ट'. कुऱ्हाड स्वतः घणाखालीच घडलेली आहे. हा शब्द दिसला की पातं साधारण एकोणिसाव्या शतकातलं किंवा विसाव्याच्या सुरुवातीचं समजायला हरकत नाही, पण जुनी अक्षरं पुढेही काही काळ वापरली गेली, त्यामुळे एवढ्यावरच साल ठरवू नये.

'३½', '३५', '१,२' असे आकडे असतात. साल की नंबर?

बहुतेक वेळा वजन. अमेरिकी पात्यावर पौंडात, ३½ किंवा ३५ म्हणजे साडेतीन पौंड, सुमारे १.६ किलो. युरोपात स्वल्पविरामासह १,२ असेल तर किलो. शंका असेल तर काट्यावर ठेवा. वजन आकड्यापेक्षा बरंच कमी भरलं, तर तेवढं पोलाद आधीच्या मालकांनी झिजवलं आहे, आणि हीच माहिती आकड्यापेक्षा जास्त उपयोगाची.

शिक्का अजिबात नाही. मग ओळख पटवायची कशी?

नेढ्यावरून. अमेरिकी कुऱ्हाडीचं नेढं लांबट आणि अरुंद, दोन्ही टोकांना निमुळतं असतं, कारण तिचा दांडा चपटा आणि वाकदार. स्वीडन-जर्मनीकडचं नेढं आखूड आणि रुंद, अंड्याच्या आकाराकडे झुकणारं. पूर्ण गोल नेढं दिसलं तर दांडा कुदळीसारखा वरून सरकवायचा असण्याची शक्यता असते, त्याबद्दल पुढे.

आता नेढ्याच्या आत बघा. जुन्या काळी मऊ लोखंडाची पट्टी दुमडून नेढं करायचे आणि पुढच्या बाजूला दोन पदरांमध्ये पोलादाचा तुकडा भट्टीतच जोडायचे. पोलाद महाग होतं, ते फक्त धारेला. अशा पात्याच्या नेढ्यात सांध्याची रेघ दिसते, आणि गाल स्वच्छ करून व्हिनेगर लावलं की पोलाद काळपट आणि लोखंड फिकं पडतं. मध्ये चक्क सीमारेषा उमटते. १८५६ मध्ये बेसेमरनं स्वस्त पोलादाची वाट मोकळी केली आणि पुढे हळूहळू अख्खं पातंच पोलादाचं होऊ लागलं. एकसंध पात्यातही व्हिनेगरनं एक रेघ दिसू शकते, ती कडक आणि मऊ भागांमधली. दोन्हींत गल्लत होते. जोडाची रेघ ठळक आणि वेडीवाकडी असते, पाण्याची, म्हणजे तापवून झटकन थंड करत पोलाद कडक केल्याची, रेघ धूसर.

नेढ्यानंतर तुंबा. जड तुंबा ही अठराव्या शतकात अमेरिकेत रुळलेली गोष्ट, त्याआधीच्या युरोपीय कुऱ्हाडींना तो जवळजवळ नसायचाच. मागे वजन आलं आणि कुऱ्हाड हातात डुलायची थांबली.

आकारांची नावं मग सोपी होतात. नेढ्याखाली कानाच्या पाळीसारखी टोकं लोंबत असतील आणि पातं अमेरिकी असेल तर बहुधा जर्सी. तुंब्याचे कोपरे गोलसर असतील तर मिशिगन. तुंबा चौकोनी, पाळ्या नाहीत, धार थोडी पसरलेली असेल तर डेटन. लहानखुरी, गाल पातळ, खाली दाढी सुटलेली ती हडसन बे. दिसायला सगळ्यांत देखणी आणि दांडा धरण्यात सगळ्यांत वाईट, कारण नेढ्याची उंची कमी, लाकडाला पकडायला जागाच नाही. ती सारखी ढिली होते म्हणून स्वतःच्या हाताला दोष देऊ नका.

एका बाजूनं सपाट आणि एकाच बाजूनं धार काढलेली आहे. कुणी बिघडवली का?

नाही. ओंडका तासून चौकोनी करायची ती रुंद कुऱ्हाड. सपाट बाजू लाकडाला घासत जाते, दांडा मुद्दाम बाहेर वाकवलेला असतो म्हणजे बोटं सोलत नाहीत. डावखुऱ्यांची वेगळी असते. तिला दोन्हीकडून धार काढलीत तर ती खरंच बिघडेल.

गंज कसा काढायचा?

जेवढा कमी तेवढा बरा. पहिली पायरी रॉकेल आणि तारेचा ब्रश. निम्म्या पात्यांना एवढं पुरतं.

गंज जाड असेल तर साधं व्हिनेगर. पातं पूर्ण बुडवा, बारा ते चोवीस तासांनी काढा, ब्रशनं घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करून तेल लावा. 'लगेच' हा शब्द गांभीर्यानं घ्या, ओलं लोखंड पाच मिनिटांत नारिंगी होतं. दिवसच्या दिवस आम्लात ठेवलं तर चांगलं पोलादही खाल्लं जातं आणि पृष्ठभाग खरबरीत होतो.

विजेनं गंज काढणारे धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात साधा लोखंडी तुकडा धन टोकाला लावतात. स्टेनलेस स्टील तिथे कधीही लावू नका, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगं सुटतात. हायड्रोजनही निघतो, म्हणून हे काम उघड्या हवेत.

जुना रंग असेल तर तो कोरडा घासून धूळ करू नका, जुन्या रंगांत शिसं असायचं.

आणि चकचकीत करण्याआधी एकदा थांबा. काही पात्यांच्या गालावर आम्लानं कोरलेली चित्रं असतात, केलीच्या 'ब्लॅक रेव्हन'चा कावळा त्यांत सगळ्यात प्रसिद्ध. ते कोरीव काम कागदाच्या जाडीचंही नसतं. एक पॉलिश पेपर आणि कावळा उडाला. उलटही होतं. चांगल्या किमतीसाठी असे कावळे हल्ली नव्यानं कोरलेही जातात, तेव्हा घासून गुळगुळीत केलेल्या पात्यावर ताजा टवटवीत कावळा बसलेला दिसला तर सावध व्हा.

तुटलेला दांडा नेढ्यात अडकलाय. जाळून काढू का? जुने लोक तसंच करायचे.

करायचे, आणि त्यातली बरीच पाती आज मऊ पडलेली सापडतात. कुऱ्हाडीला पाणी देऊन झाल्यावर कडकपणा थोडा उतरवायला ती साधारण २०० ते ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवलेली असते. शेकोटी त्याच्या कितीतरी पुढे जाते. धार ओल्या मातीत पुरून तुंब्याकडून जाळायची युक्तीही लोक सांगतात. पाच मिनिटांचा कंटाळा वाचवायला मी ती जोखीम घेणार नाही.

दांडा पात्याच्या खाली सपाट कापा. मग नेढ्यातल्या लाकडाला ड्रिलनं पाच-सहा भोकं पाडा. लोखंडी पाचर किंवा खिळे आत असतातच, टोक करकरलं की जागा बदला. आता खालून वर ठोका. हे उलटं करू नका. नेढं वरच्या बाजूला रुंद असतं आणि पाचरीनं लाकूड तिथे पसरलेलं असतं, वरून खाली ठोकलं तर ते आणखी घट्ट बसतं. पातं लाकडी ठोकळ्यांवर टेकवा, उघड्या व्हाइसच्या जबड्यात धार चेपू नका. चष्मा घाला.

प्लंबच्या नंतरच्या काळातल्या काही कुऱ्हाडींत नेढ्यात प्लास्टिकसारखा लालसर मसाला ओतलेला असतो. तोही ड्रिलनंच निघतो, फक्त शिव्या थोड्या जास्त द्याव्या लागतात.

धारेचं पाणी उतरलंय का, हे कसं कळेल?

कानशीनं. धारेवर कानस हलकी ओढा. जेमतेम पकडली आणि बारीक कीस निघाला तर ठीक. लोण्यासारखी रुतली तर पाणी गेलेलं. काचेवर सरकावी तशी घसरली तर धार जास्तच कडक, ती तुकडे उडवेल. धारेपाशी निळे-जांभळे डाग दिसले तर कुणीतरी ग्राइंडर लावलेलं आहे. मीही एकदा घाई करून एका छान स्वीडिश पात्याचं नाक असंच निळं केलं होतं. तेवढं नाक शेवटी कानशीनं घासून काढावं लागलं आणि पातं सेंटिमीटरभर बुटकं झालं. पाणी नव्यानं देणं हे भट्टीचं आणि जाणकार लोहाराचं काम.

नव्या दांड्याला लाकूड कुठलं?

लांब, सरळ धाग्यांचं आणि हिसका सोसणारं. उत्तर अमेरिकेत हिकरी, युरोपात ॲश, ऑस्ट्रेलियात स्पॉटेड गम, भारतात धावडा. जिथे जे रान आहे तिथे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होतोच.

जातीपेक्षा रेषा महत्त्वाची. दांड्याच्या अंगावरच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावल्या पाहिजेत. मधेच कडेनं बाहेर पडणारी रेषा म्हणजे उद्या तिथेच तुटणार. बुडाकडून पाहिलं तर वलयं धारेच्या रेषेत असावीत असं सगळे सांगतात, आणि मिळालं तर तसंच घ्यावं, पण माझ्या मते आडव्या वलयांचा सरळ रेषेचा दांडा हा उभ्या वलयांच्या पण रेषा सुटलेल्या दांड्यापेक्षा केव्हाही बरा. हिकरीत लालसर गाभा कमजोर असतो हाही गैरसमज आहे, वजन सारखं असेल तर ताकदही सारखी. उलट हिकरी आणि ॲशमध्ये फार दाट वलयांचं लाकूड हलकं आणि दुबळं निघतं.

लाकूड वाळलेलं हवं. ओला दांडा आज कितीही घट्ट बसवा, सुकला की पातं वाजायला लागेल.

लांबी किती ठेवू?

साडेतीन पौंडांच्या, म्हणजे १.६ किलोच्या पात्याला ८० ते ९० सेंमी. किलोभराच्या पात्याला ७० च्या आसपास. एका हाताच्या हातकुऱ्हाडीला ३० ते ४५.

दांडा बसवायची नेमकी रीत काय?

इथे घाई करायची नाही. दांडा नेढ्यात ठोकून बसत नाही, तो घासून घासून बसवावा लागतो.

आधी नेढंच साफ करा. आतला गंज आणि जुन्या ठोक्यांनी उठलेले कंगोरे गोल कानशीनं काढा. खालच्या तोंडाची कड किंचित गोल करा. ही कड धारदार राहिली तर प्रत्येक घावाला दांड्याला कुरतडते आणि दांडा नेमका तिथेच तुटतो. या दोन मिनिटांच्या कामाकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात.

मग दांड्याच्या डोक्याला चीर आहे का बघा. नसेल तर नेढ्याच्या लांबीच्या रेषेत, नेढ्याच्या उंचीच्या दोन तृतीयांश खोल चीर पाडा. जास्त खोल गेली तर चीर नेढ्याखाली उघडी पडते आणि लाकूड फाटायला सुरुवात तिथूनच होते.

पातं दांड्यावर हातानं बसेल तेवढं बसवा. दांडा पातं खाली लोंबेल असा हवेत उभा धरा आणि बुडावर लाकडी मोगरीनं ठोका. पातं जड, ते जागेवर राहतं आणि दांडा त्यात वर चढत जातो. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण जमिनीवर आपटण्यापेक्षा कितीतरी सरळ बसतं. अडलं की पातं काढा. जिथे लाकूड चमकतंय किंवा काळं लागलंय, तिथे ते घट्ट आहे. नेढ्याला आतून पेन्सिल फासून घेतली तर खुणा आणखी स्पष्ट येतात. फक्त तेवढीच जागा लाकडाच्या भरड कानशीनं किंवा काचेच्या तुकड्यानं खरवडा. परत बसवा, परत काढा. माझं दहा-बारा वेळा होतं. तिसऱ्या फेरीला कंटाळून सगळीकडून एक हात फिरवलात, की दांडा सैल झालाच म्हणून समजा.

शेवटी खालच्या तोंडाशी चहूबाजूंनी फट दिसता कामा नये आणि दांड्याचं डोकं नेढ्यावर तीन ते सहा मिलिमीटर वर आलेलं असावं. पाचर मारल्यावर हा वर आलेला भाग छत्रीसारखा पसरतो. तो पात्याच्या बरोबरीनं कापून गुळगुळीत करणारे लोक दिसायला छान काम करतात, मी तसा सोडतो.

पातं सरळ बसलं का, हे कधी बघायचं?

पाचर मारण्याआधी. नंतर बघून उपयोग नाही. दांडा बुडाकडून डोळ्याशी धरा, धार दांड्याच्या मधोमध रेषेत दिसली पाहिजे. तिरकी असेल तर डोक्याच्या एका गालावरून थोडं, आणि विरुद्ध गालावरून खाली थोडं, असं काढून वळवता येते. मग कुऱ्हाड सपाट जमिनीवर धार आणि दांड्याचं बूड टेकवून ठेवा. धार मध्याच्या आसपास किंवा जरा टाचेकडे टेकली तर ठीक. नुसतं नाक टेकत असेल तर पात्याची धार हाताकडे फार वळलेली बसली आहे.

पाचर लाकडी की लोखंडी? डिंक लावू का?

लाकडी, नेढ्याच्या पूर्ण लांबीची, वाळलेली. मऊसर लाकडाची असेल तर ती चेपून नेढ्याच्या आकारात भरते, कठीण लाकडाची असेल तर कडक पण फुटू शकते. दोन्ही चालतात. हळूहळू, सरळ ठोका, आवाज बदलून घट्ट ठण् आला की थांबा. पाचर पूर्ण आत जाण्याआधीच फसली तर ती जास्त जाड आहे, काढून पातळ करा.

लोखंडी पाचर ही दुरुस्तीची वस्तू. महिन्यांनी थोडी ढिलाई आली तर तिरकी मारायची. पहिल्याच दिवशी लागत असेल तर बसवण्यात चूक आहे.

डिंकाला माझा विरोध नाही, गरजही नाही. फक्त पुढच्या माणसाला तो दांडा काढायचा आहे हे लक्षात असू द्या.

ढिली झाली की रात्रभर पाण्यात ठेवतो, सकाळी घट्ट. मग काय बिघडलं?

सकाळी घट्ट, आठवड्यानं आधीपेक्षा ढिली. पाण्यानं लाकूड फुगतं, पण नेढं लोखंडाचं, ते मागे सरत नाही. फुगलेले धागे आतल्या आत चिरडले जातात आणि सुकल्यावर लाकूड पहिल्यापेक्षा बारीक होतं. दर वेळी हे होतं, शिवाय नेढं आतून गंजतं ते वेगळंच. ढिली कुऱ्हाड असेल तर बुडावर ठोकून दांडा चढवा, जुनी पाचर काढून जाड पाचर मारा. तेही धरत नसेल तर डोकं कापून, खांदा (नेढ्याखाली दांडा जाड होतो ती जागा) खाली घेऊन पुन्हा बसवा. दांडा तीन-चार सेंमी आखूड होतो, बिघडत काहीच नाही.

कुदळीसारखा वरून घालायचा दांडा कसा ओळखायचा?

नेढं खाली निमुळतं आणि वर मोठं असतं, आणि चीर-पाचरीची जुनी खूण नसते. दांड्याचं डोकं रुंद असतं, पातं बुडाकडून सरकवत वर नेऊन अडवायचं. दक्षिण युरोपातल्या अनेक कुऱ्हाडी आणि टॉमहॉक, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या छोट्या कुऱ्हाडी, अशाच. वापरताना त्या आपोआप घट्ट होतात. इथे पाचर मारू नका.

दांड्याला वॉर्निश की तेल?

तेल. वॉर्निशवर तळहाताला फोड येतात. विकतच्या दांड्यावरचं वॉर्निश खरवडून काढा आणि त्याच बैठकीत दांडा जरा सडपातळही करा, कारखान्याचे दांडे जवळजवळ नेहमी गलेलठ्ठ असतात. दांडा थोडा लवचीक असला की हिसका मनगटापर्यंत येत नाही. मग जवसाचं तेल, पातळ हात, पुसून काढायचं, दोन-तीन दिवसांनी परत. डोक्याच्या उघड्या टोकाला जास्त पाजा, ओलावा तिथूनच शिरतो.

तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात फेकू नका. जवसाचं तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि तापतं, घडीतली उष्णता बाहेर पडली नाही तर चिंधी आपोआप पेट घेते. पसरून उघड्यावर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

धार कशानं काढायची?

एकेरी दात्यांची चांगली कानस आणि नंतर दगड. दोन्ही बाजू मिळून साधारण २५ ते ३० अंश. कोन सपाट न ठेवता गालाकडे किंचित गोलसर नेला तर धार टिकते आणि लाकडात अडकत नाही. कानस धारेच्या दिशेनं ढकलत असाल तर जाड हातमोजा घाला. एका बाजूला कणी, म्हणजे धारेवर पलटलेली बारीक कड, उठली की बाजू बदला, मग दगडानं कणी काढा. मागच्या मालकांनी नाक गोल केलेलं असेल तर एका बैठकीत सरळ करायला जाऊ नका. दर धारेला थोडं थोडं.

तुंब्याच्या कडा भूछत्रासारख्या उलटल्या आहेत. काय करू?

कानशीनं कडा गोल करा. उलटलेल्या कडांचे तुकडे उडून डोळ्यात जातात. आणि नेढं परत एकदा तपासा.

दांडा बसवला तर जुन्या कुऱ्हाडीची किंमत जाईल का?

न वापरलेलं, कागदी चिठ्ठीसकट आलेलं पातं असेल तर हात लावू नका. बाकी सगळ्यांना दांडा द्या. कुऱ्हाडीचा दांडा ही बदलायचीच वस्तू होती, मूळ दांडा उरलेला जुना नग दुर्मीळच.

जुना दांडा टाकून देऊ?

तो चांगल्या वळणाचा असेल तर आधी पुठ्ठ्यावर ठेवून त्याची आखणी काढून घ्या, जाडीही तीन-चार ठिकाणी मोजून लिहा. आज मिळणाऱ्या दांड्यांपेक्षा जुने दांडे बहुतेक वेळा बारीक आणि हाताला सोयीचे असतात. नेढ्यातून निघालेला तुकडा अख्खा असेल तर तोही ठेवा, नव्या दांड्याचं डोकं घडवायला त्यासारखा नमुना नाही. फक्त हा प्रश्न ड्रिल लावायच्या आधी आठवायला हवा होता.